एका दमात वीस

शिवगंगा आणि नागनाथ पहिल्यांदा बोलले ते कारखान्याच्या फाटकात, तिच्या जड पिशवीवरून.

"काय हाय ह्यात?"

"माती."

"बीदरात माती कमी पडली म्हणून गुलबर्ग्याहून आणलाव व्हय?"

शिवगंगा बीदरातल्याच मैलूरची, पण गुलबर्ग्याला संशोधन करत होती. आम्ल बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या धुराड्यातून तपकिरी, विषारी धूर निघे. थोडा अमोनिया मिसळून तो तिच्या मातीच्या गोळ्यांवरून नेला, की त्याची साधी हवा आणि वाफ व्हायची... निदान प्रयोगशाळेत तरी! आता तेच खऱ्या धुराड्यावर करून बघायला ती आली होती. नागनाथ तिथला ऑपरेटर, ठाणाकुशनूरचा. नळी जोडताना तो हळूच म्हणायचा, "मॅडम, तुमची माती धूर खाती, मग तुम्ही आमचा जीव कामून खायलाव?" तिला राग यायला हवा होता. पण येत नव्हता.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. गोळ्या कच्च्या भाजल्या होत्या — घाई तिचीच. वाफेनं त्यांचा चिखल झाला, नळी तुंबली आणि सांध्यातून धूर सुटला. नागनाथनं तिला बाहेर ढकललं, आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि खोकत, हसत बाहेर आला.

"काय बी झालं न्हाई!"

शिवगंगा मात्र हसली नाही. हा वायू मोठा लबाड. आधी नुसता खोकला, आणि तासांनंतर फुप्फुसात पाणी... तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या अकरापर्यंत दम लागला नाही, तर वाचला."

मग ती खाटेपाशी ठाण मांडून बसली. दर तासाला त्याला एका दमात वीसपर्यंत मोजायला लावी. तो वीसला पोचेपर्यंत तिचाच श्वास अडकलेला असे. रात्री हे काम त्याच्या आईनं, भागाबाईनं केलं. सकाळी सहाला शिवगंगा पुन्हा हजर.

दहा वाजता तो चौदावरच थांबला.

ती उठून दाराकडे वळली. "डॉक्टर—"

"थांबा की!" त्यानं तिचं मनगट धरलं. "दम न्हाई लागला. तुम्ही रडायलाव... आकडा विसरलो."

"माझ्यामुळं झालं हे सगळं."

"व्हय, तुमच्यामुळंच. न्हाईतर दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसला असता व्हय?"

ती रडता रडता हसली. "तुम्हाला काही झालं असतं, तर मी... जन्मात मातीला हात लावला नसता."

त्यानं मनगट सोडलं नाही. तिनंही सोडवून घेतलं नाही.

अकराला डॉक्टरांनी छाती तपासली आणि घरी जायला सांगितलं. नागनाथ चपला शोधू लागला.

"मोजा," शिवगंगा म्हणाली.

"आता कामून? डॉक्टरनं सोडलं की!"

"डॉक्टरांनी सोडलं. मी न्हाई सोडलं."

भागाबाई पिशवी भरायची थांबली. नागनाथ परत खाटेवर बसला आणि एकपासून मोजू लागला.