त्रेचाळीस किलो

विमानाला जाड टायर बसवा, हे विमानाची देखभाल करणारा पंजाबराव बबनशेठला दोन वर्षं सांगत होता. दिग्रसबाहेरची ती धावपट्टी म्हणजे मुरमाचा एक पट्टा, दोन्ही बाजूंना काळी माती. पावसाळ्यात मुरूम खचायचा. बारीक टायर त्यात रुतणार, चाकांवरच्या फायबरच्या टोपणांत चिखल गच्च बसून चाक जागीच अडणार, आणि तीनशे किलोचं ते दोन माणसांचं विमान नाकावर पडणार. वायुदलात वीस वर्षं चाकं आणि ब्रेक सांभाळलेल्या माणसाला एवढं कळत होतं.

"ट्रॅक्टरवानी दिसन ते," बबनशेठ म्हणायचा. त्याची कापसाची जिनिंग मिल होती; विमान हौसेचं, उडवायचा तो स्वतःच. "अन् स्पीड कमी होते."

मागच्या श्रावणात पंजाबरावाच्या बायकोला, पुष्पाला, मेंदूत रक्तस्राव झाला. दिग्रसच्या डॉक्टरने दोन तासांत नागपूर गाठायला सांगितलं. आर्णीच्या अलीकडे नाल्याला पूर, रस्ता बंद. पंजाबरावाने तिला उचलून विमानाच्या उजव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि शेठला फोन केला. शेठ आला, धावपट्टीवर थोडं चालला, चिखलातून बूट उपसत परत आला.

"चाकं फसतीन, पंजाबराव. उतरवा तिले."

पाऊण तास ती पट्टा लावून बसली होती. मग ॲम्ब्युलन्सने निघाले. पूर उतरायची वाट पाहत नाल्याच्या काठावरच ती गेली.

शेठ बोलला ते बरोबर होतं. त्या टायरांवर विमान उठलंच नसतं. पंजाबरावाला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता.

यंदा मार्चच्या अवकाळी पावसात शेठ स्वतःच रुतला. पुढच्या पंख्याला थोडं खरचटलं. आठ दिवसांत जाड टायर आले.

पंजाबरावाने ते बसवले. शिव्या देत बसवले, पण नीट बसवले. ट्यूबला पावडर लावली, कुठे चिमटा बसला नाही ना ते बोटाने पाहिलं, दोन्हीकडे पंधरा पौंड हवा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर उजवं टायर बसलेलं. हवा मोजली. पंधरा. चाकांची अदलाबदल केली. तरी बसलं ते उजवीकडचंच.

असं विमान एकट्याने हलवायचं तर शेपटीच्या अलीकडे दोन्ही हात ठेवून दाबायचं. पुढचं चाक वर येतं, मग हवं तिकडे वळवता येतं. आज पुढचं चाक वर येईना. जोर लावला तर विमान उजवीकडे कलायचं.

टायर बदलले की विमान पुन्हा तोलावं लागतं. त्यासाठी जिनिंगमधून कापसाचे तीन काटे आणले होते. पेट्रोल काढून पंजाबरावाने एकेका चाकाखाली एकेक काटा ठेवला, वारा लागू नये म्हणून शेडचं दार ओढून घेतलं. जुनं वजन तीनशे दहा, नव्या टायरांचे सहा जास्त. तीनशे सोळा यायला हवं होतं.

तीनशे एकोणसाठ आलं.

काट्यांच्या जागा बदलल्या. सीटमागे पाने किंवा पाण्याची बाटली राहिली नाही ना ते पाहिलं. आकडा तोच. जास्तीचं वजन जवळपास सगळं उजव्या चाकावर होतं. त्रेचाळीस किलो.

औषध किती द्यायचं ते ठरवायला त्या दिवशी डॉक्टरने पुष्पाला तोललं होतं. कागदावर त्रेचाळीसच लिहिले होते.

त्याने उजवा दरवाजा उघडला. काल सीटखालची वायर तपासताना त्यानेच पट्टा सोडून ठेवला होता. आता तो लावलेला होता. गादी मधोमध दबलेली होती. पंजाबरावाने तळहात पुढे नेला आणि वीतभर अलीकडेच थांबवला. तिथली हवा कोमट होती.

"उतर," तो म्हणाला. "त्याच्या इमानात कायले बसून राह्यली? उतर म्हनतो ना."

काट्यावरचा आकडा हलला नाही.

दहा वाजता बबनशेठ आला. "झालं का, पंजाबराव?"

"झालं. पन त्रेचाळीस किलो जास्त भरून राह्यलं. आज उडवू नका."

शेठने वाकून आकडे पाहिले. "काटा खराब असन."

"काटे तुमच्याच जिनिंगचे हायेत. कास्तकाराच्या कापसाले बरोबर, अन् तुमच्या इमानाले खराब?"

शेठ हसला, पण ते हसू टिकलं नाही. "तुमचा राग समजते मले. पन काहीबाही सांगून मले अडवू नका."

"मी सांगितलं. आता तुमची मर्जी."

आणखी एकदा सांगितलं असतं तर शेठ कदाचित थांबला असता. पंजाबरावाने सांगितलं नाही. पेट्रोल भरलं, विमान बाहेर काढून दिलं आणि बाजूला झाला.

विमान नेहमीपेक्षा लांब धावलं. जमीन सुटली तेव्हा उजवा पंख खाली होता.

अर्ध्या तासाने परतलं. सरळ उतरलं, हलकं उतरलं. उजवं टायर डाव्याइतकंच गोल दिसत होतं.

"आता तोला माह्यासमोर," शेठ म्हणाला.

पेट्रोल काढलं. तोललं. तीनशे सोळा.

"पाहा. म्हनलं होतं ना मी." विमान काट्यांवरून उतरवल्यावर शेठने एक काटा पायाने ओढून घेतला. "माहं वजन अठ्ठ्याहत्तर. काल मोजलं." तो काट्यावर चढला.

एकशे एकवीस.

शेठ उतरला. काटा शून्यावर आणला. पुन्हा चढला.

एकशे एकवीस.

"खराबच हाये," तो हळू म्हणाला.

"बरोबर हाये," पंजाबराव म्हणाला.

शेठ गाडीकडे गेला. डावीकडचा दरवाजा त्याने उघडला आणि धरून उभा राहिला. कोणी नीट आत बसेपर्यंत थांबावं, तेवढा वेळ. मग दरवाजा हलकेच लावला, फिरून दुसऱ्या बाजूला गेला आणि स्टिअरिंगवर बसला.

पंजाबरावाने हाक मारली नाही.

फाटकापाशी गाडी थांबली. डावीकडे दिग्रस, शेठचं घर. गाडी उजवीकडे वळली आणि आर्णीवरून नागपूरला जाणाऱ्या रस्त्याला लागली.