सात नंबरची बाटली

दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की अर्जुनीकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. हेमेंद्र रहांगडाले कोहमाऱ्यापर्यंत उभेच होते. दोन्ही पायांमध्ये पिशवी धरलेली. पिशवीत बारीक कापडाचं निमुळतं जाळं, दोराची गुंडाळी, सहा बाटल्या आणि बायकोने, मंजूने, बांधून दिलेला डबा. शेजारच्या बाईने जाळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मासोळ्या पकडाले चालले का जी?"

"मासोळ्या जे खातात, ते पकडायला," ते म्हणाले. बाई हसली आणि तिने पोराला मांडीवर घेऊन त्यांना टेकण्यापुरती जागा करून दिली.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या एका सागर-संशोधन संस्थेत काढली होती. काम प्लवकांचं. स्वतःच्या बळावर कुठेही जाऊ न शकणारे, पाणी नेईल तिकडे जाणारे बारीक जीव. ते मोजायचे, ओळखायचे, आणि दहा वर्षांपूर्वी काय होतं, आता काय उरलं, नवीन काय आलं ते लिहायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोंदियाजवळ कुडव्याला घर बांधलं. समुद्र सोडून इकडे कशाला आलात, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, गाव आहे आपलं. खरं कारण त्यांनी मंजूलाही सांगितलं नव्हतं. समुद्र जवळ असला की त्यांना झोप लागत नसे. गोंदियाच्या एका कॉलेजने नवेगाव बांधच्या तलावातल्या प्लवकांची वर्षभर नोंद करायला सांगितली, तेव्हा ते लगेच हो म्हणाले. गोडं पाणी होतं. त्या पाण्यात त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

तलावावर मंगरू ढिवराचा डोंगा ठरलेला होता. मंगरू साठीपुढचा, कमी बोलणारा. डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या त्या पाण्यात तो सरळ मध्यावर जायचा, वल्हं आडवं ठेवायचा आणि हेमेंद्र जाळं सोडायचे. पहिल्या खेपेला सगळं पुस्तकात असावं तसं मिळालं. पाणपिसवा, सायक्लॉप्स, हिरव्या शेवाळाचे गोळे. कुडव्याच्या घरी खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक लावून त्यांनी दोन दिवस मोजणी केली. मंजूने तक्रार केली की नमुना टिकवायच्या औषधाचा वास भातापर्यंत येतो.

दुसऱ्या खेपेच्या थेंबात एक काचेसारखा पारदर्शक, सुईच्या आकाराचा जीव दिसला. तोंडाशी दोन्हीकडे आकड्यांची ओळ. बाणकृमी. हा समुद्रातला जीव. जगातल्या कुठल्याच गोड्या पाण्यात राहत नाही. जाळ्याच्या शिवणीत जुना, सुकलेला अडकून राहिला असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि जाळं उकळत्या पाण्यातून तीनदा काढलं. जाळं त्यांनी याच वर्षी नवीन शिवून घेतलं होतं, हे त्यांना त्यानंतर आठवलं.

तिसऱ्या खेपेला मंगरूने वल्हं ठेवलं आणि तो म्हणाला, "साहेब, तुमचा जाळा जिथं पडते ना, तिथं दोन हप्त्यापासून मासोळी लागून नाई राहिली."

"काऊन?"

"मले काय माहीत जी. पाखरं बी इकडं उतरत नाई. पानी चाखून पाहा."

हेमेंद्रनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग ओंजळीत घेऊन पुन्हा चाखलं. काठावर धान झोडपण्याचा आवाज येत होता, तणसाचा वास येत होता, आणि तोंडात समुद्र होता.

"पोरगा म्हणते, बुढ्याची जीभ गेली," मंगरू म्हणाला. "गेली का जी?"

"नाही," हेमेंद्र म्हणाले.

दुपारी घरी येताच, औषध न टाकता, त्यांनी पहिला थेंब काचेवर घेतला. पाणपिसवा नव्हत्या. तांदळाच्या कणीहून बारीक, झिंग्याच्या भावकीतले कोपेपॉड तरंगत होते. जिवंत होते. उजवं शिंग डाव्याच्या निम्मं. शेवटच्या पायाला उलटा, दुहेरी आकडा. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळा नमुना मोजला. एक्केचाळीस. त्यातली एक मादी अंडपिशवी घेऊन फिरत होती. पिशवीत नऊ अंडी.

तो जीव ओळखायला त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. तो त्यांनीच बनवला होता.

सव्वीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, संस्थेच्या जहाजावर सातव्या जागेचं जाळं टाकायची पाळी त्यांची होती. समुद्र खवळलेला होता. ते दोन दिवस ओकत होते. सहाव्या जागेचा थोडा नमुना त्यांनी सातच्या बाटलीत ओतला, केबिनमध्ये आडवं पडून पत्रक भरलं, आणि खोट्या पत्रकाला खऱ्याचा वास यावा म्हणून त्यात एक विचित्र कोपेपॉड घातला. पेन्सिलीने त्याचं चित्रही काढलं. एक्केचाळीस हा त्यांचा शाळेतला हजेरीचा नंबर. नऊ अंडी उगाच.

वाटलं होतं, कुणी बघणार नाही. पण प्रमुखांना चित्र फार आवडलं. समुद्र तापतोय, नवे जीव येताहेत, त्याचा हा पुरावा, असं ते सगळीकडे सांगू लागले. चित्र छापून आलं. खाली हेमेंद्रचं नाव.

आणि मग अल्का आली. अल्का शहारे, अर्जुनी मोरगावची. संस्थेत पहिल्याच दिवशी दारावरची पाटी वाचून आत डोकावली, "सर, रहांगडाले म्हणजे तुमी आपल्याकडचेच ना जी?" समुद्रकाठच्या इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ती घरी जेवायला यायची, मंजूसोबत वडे करायची. तिच्या पीएचडीचा विषय होता त्याच पाण्यातल्या प्लवकांचे दहा वर्षांतले बदल. एकदाच दिसून पुन्हा कधीच न दिसलेल्या त्या जिवाचं काय झालं, हे तिला लिहायचं होतं. म्हणून तिने जुन्या बाटल्या काढल्या.

एका दुपारी ती त्यांच्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं. "सर, सात नंबरची बाटली मी तीनदा मोजली. त्यात तो जीव नाई. माझंच चुकत असन, तुमी एकदा पाहा ना."

ती त्यांना वाचवायला आली होती. दार लोटण्याचा अर्थ तोच होता, हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं की अल्का शहारे यांच्या हलगर्जीपणामुळे सात नंबरचा नमुना खराब झाला आहे.

चौकशी समितीपुढे ती एवढंच म्हणाली, "मी तीनदा मोजली." समितीने छापलेलं चित्र पाहिलं, पंचवीस वर्षांची पोरगी पाहिली, आणि तिची शिष्यवृत्ती बंद केली. ती कुणाला न सांगता गेली. जाताना सात नंबरची बाटली घेऊन गेली, पण ती बाटली कुणी शोधली नाही.

फाइलवरचा तिचा पत्ता हेमेंद्रना बावीस वर्षं पाठ होता. रविवारी सकाळी त्यांनी छोटा सूक्ष्मदर्शक आणि तलावाच्या नमुन्याची बाटली पिशवीत घातली आणि अर्जुनीची गाडी धरली.

दार तिच्या नवऱ्याने, बुद्धभूषणने उघडलं. "सर आले," एवढं आत सांगून तो बाजाराची थैली घेऊन निघून गेला. हे सर कोण हे त्याला विचारावंच लागलं नाही. अल्काचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. ती माहेरच्याच घरात राहून इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. "बसा सर," ती म्हणाली. चहा आणला. हेमेंद्रनी कप हातात घेतला नाही.

"अल्का, ते पत्रक खोटं होतं. मी जाळं टाकलंच नव्हतं. तू बरोबर मोजलं होतंस."

तिने वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "बावीस वर्षं माहीत होतं. तुमच्या तोंडून ऐकायची वाट पाहून राहिली होती मी." तिने पदराने डोळे पुसले, आणि एकदम हसली. "चहा घ्या ना आता. गार होऊन राहिला."

त्यांनी चहा घेतला. इतका गोड चहा त्यांनी कित्येक वर्षांत प्यायला नव्हता. तिथेच उठायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस ते हेच म्हणत राहिले, तिथेच उठायला हवं होतं. पण तलावातल्या त्या गोष्टीचं ओझं एकट्याने पेलवत नव्हतं, आणि जगात ती एकटीच अशी होती जी ती गोष्ट पाहून समजू शकली असती. त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

अल्काने खिडकीशी बसून डोळा लावला. तिचे ओठ हलू लागले. ती मोजत होती.

"हे कुठलं?"

"नवेगाव बांध. आठ दिवसांपूर्वीचं."

"असं होऊच शकत नाई."

"नाही होऊ शकत."

ती उठली. लोखंडी कपाट उघडून तिने साड्यांच्या घडीमागून एक बाटली काढली. पिवळी पडलेली चिठ्ठी, त्यावर सात. "दरसाल जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा मोजते," ती म्हणाली. "येडी म्हणा. बावीस वेळा मोजली. एकदाबी नाई भेटला. यंदाबी नाई."

तिने झाकण उघडलं. थेंब काचेवर घेतला.

बाहेर एक फटफटी थांबली आणि निघून गेली.

अल्का डोळा लावून बसली ती हललीच नाही. मग ती बाजूला झाली.

हेमेंद्रनी पाहिलं.

उजवं शिंग डाव्याच्या निम्मं.

त्यांनी पूर्ण बाटली मोजली. अर्ध्यावर त्यांना शेवट कळला होता, तरी मोजली. एक्केचाळीस. नऊ अंडी. औषधात सव्वीस वर्षं राहून जसा रंग उतरतो, तसा उतरलेला.

"म्हणजे मीच चुकली," अल्का म्हणाली.

"नाही. अल्का, ऐक. मी तो बनवलाय. केबिनमध्ये पडून..."

"सर." तिचा आवाज शांत होता, वर्गात पोरांशी बोलावा तसा. "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले तुमी. इतक्या दुरून आले. पण हे समोर आहे ना."

ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ती मान हलवत राहिली. बाटली उघडायच्या आधी त्यांनी काहीही सांगितलं असतं तर तिने ते मानलं असतं. आता डोळ्यांनी पाहिलेलं ती सोडणार नव्हती. ते सोडलं नाही म्हणूनच तर तिचं सगळं गेलं होतं. निघताना तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तो स्पर्श त्यांना सहन झाला नाही.

घरी आल्यावर त्यांनी तलावाचा नमुना पुन्हा पाहिला. त्यात पाणपिसवा होत्या आणि सायक्लॉप्स. दुसऱ्या दिवशी मंगरूचा फोन आला. मध्यावर मासोळी लागू लागली होती, पानी गोड झालं होतं, पोरगा हसून राहिला होता.

त्यांनी संस्थेला पत्र लिहायला घेतलं. 'त्या दिवशी मी जाळं टाकलं नाही,' एवढं लिहून झालं. मग त्याऐवजी काय केलं ते लिहायचं होतं. केबिनची आठवण काढत ते बसून राहिले. पलंग वरचा होता की खालचा. दिवा चालू होता का. पेन्सिल कुठून आणली. सप्टेंबरातली ती सकाळ त्यांना नीट दिसेना. मंजू दोनदा जेवायला बोलावून गेली.

गुरुवारी अकराच्या सुमारास अल्काचा फोन आला. ते अंगणात उन्हात बसले होते.

"सर, मी संस्थेले माफीचं पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी तुमाले वाचून दाखवते. कुठं चुकलं तर सांगा."

"अल्का, नको पाठवू."

"ऐका तर." ती वाचू लागली. शुद्ध, सरळ भाषा. तिच्या प्रबंधाची असावी तशी. तपासणीत आपल्याकडून गंभीर चूक झाली, डॉ. रहांगडाले यांच्यावर आपण विनाकारण संशय घेतला, याचा खेद वाटतो. मग तिने नमुन्याचा तपशील दिला होता. जागा क्रमांक सात, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, पन्नास मीटर दोर सोडून जाळं ओढण्यात आलं.

"साठ," हेमेंद्र म्हणाले.

"पत्रकावर पन्नास आहे सर."

"पन्नास लिहिलं. पण पाण्याला ओढ होती, जाळं तिरपं जात होतं, म्हणून दहा मीटर जास्त सोडला. ओढताना हात..."

ते थांबले.

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"साठ," अल्का म्हणाली. "केली दुरुस्ती."