भंगारात न गेलेली गाडी

सूर्यकांतला टीमच्या मालकाने सांगितलेलं काम साधं होतं. इथल्या हेब्बाळ भागातल्या शेडमधली मोडकी शर्यतीची गाडी छोट्या ट्रकवर चढवायची आणि भंगारवाल्याकडे टाकून यायची. गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, शुक्रवार, रात्रीचे पावणेनऊ. सुशांत, शाल्मली, तुम्ही माझे भाडेकरू, पुण्याहून परवा आलेले. तुम्हाला हे मी सांगितलं नसतं. पण आत्ता जेवताना तुम्ही अभिराजला 'बेफाम पोरगा' म्हणालात. म्हणून ऐका.

सूर्यकांत अभिराजच्या टीमचा मेकॅनिक, माझ्या चांगल्या ओळखीचा. मी तीस वर्षं शर्यतींत झेंडा दाखवायला उभा असायचो. आणि ती गाडी अभिराजची. तो मुलगा अंगच्या अंदाजाने गाडी चालवायचा. फट दिसली की घुसला! लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे. "काय जिगर आहे!" मग दिवस बदलले. आता कॅमेरे बघतात, आकडे बघतात, घुसला की दंड. बरंच झालं. दोन पोरं ट्रॅकवरून मी माझ्या हातांनी उचललीयत. नियमांवर माझा राग नाही. राग आहे तो टीमच्या मालकावर, प्रदीपकुमारवर.

मे महिन्यात अभिराज वळणावर भिंतीला धडकला आणि जागीच गेला. चौकशीत प्रदीपकुमार म्हणाला, "ऐकायचाच नाही, सर. कितीदा समजावलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हार घालणाऱ्यांनीच! गाडी उघडून कुणी बघितली नाही. ब्रेकचा पाइप चिरलेला होता. सूर्यकांतने शर्यतीआधी सांगितलं होतं, "बदलायला हवा." मालक म्हणाला, "ह्या वेळी स्वल्प, थोडंसं चालवून घे, सरी? ठीक आहे ना?" आणि अपघातानंतर कागद पुढे केला, ब्रेक ठीक होते म्हणून. सूर्यकांतने सही केली. नोकरी टिकवायची होती.

अभिराजची आई कृष्णाबाई इथेच मल्लेश्वरममध्ये राहते. सहा महिने जो येईल तो तिला ऐकवायचा, "तुमच्या मुलाला जिवाची पर्वाच नव्हती."

तर सूर्यकांत निघाला. एकटाच. मागे ताडपत्रीखाली ती गाडी. तळ्याकडच्या रस्त्याला लागला. पुढे बस थांबलेली. त्याने ब्रेक दाबला.

पेडल थेट खाली टेकलं.

स्टिअरिंग फिरलं. त्याने फिरवलं नव्हतं. बस आणि रिक्षा यांच्यामध्ये जेमतेम ट्रक मावेल एवढी फट... ट्रक त्यातून गेला. मग डावीकडे. टँकरच्या पुढून. कुठे घासला नाही.

अशी गाडी एकच माणूस चालवायचा.

उजव्या पायावर वजन आलं. वेग वाढला. साठ. सत्तर. शेजारची सीट रिकामी. मागे ताडपत्री फडफडायची थांबली...

"अभी?"

ऐंशी.

"अभी, मला लेकरं आहेत रे..."

नव्वद.

तेव्हा तो ओरडला, "ब्रेक गेला होता! तुझी चूक नव्हती! मला माहीत होतं... मी सही केली!"

...

पायावरचं वजन उतरलं. ट्रक कडेला जाऊन थांबला.

भंगारवाल्याकडे तो गेलाच नाही. तोच ट्रक घेऊन कृष्णाबाईंच्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं. ती बाई रडली नाही. म्हणाली, "तेराव्याला माझ्या घरी जेवलास तू. घास कसा उतरला रे घशाखाली?"

रात्रभर तिने त्याला ओसरीवर बसवून ठेवलं. सकाळी त्याला पुढे घालून चौकशी समितीकडे नेलं, ट्रकसकट. या वेळी त्यांना गाडी उघडावीच लागली. अहवाल बदलला. 'ब्रेक निकामी.' आणि त्याखाली एक ओळ. 'तथापि चालकाची शैली आक्रमक होती.' प्रदीपकुमारला ताकीद मिळाली. नुसती ताकीद! त्याची टीम आजही धावते. कृष्णाबाईंनी तो कागद त्यांच्या टेबलावरच टराटरा फाडला. मी होतो तिथे. मला वाटलं, मीही एखादी खुर्ची भिरकावावी.

ट्रकचे ब्रेक नंतर तपासले. ठणठणीत होते.

सूर्यकांत अधूनमधून येतो. इथेच बसतो, उजवा मोजा काढतो. पावलाच्या वरच्या बाजूला काळानिळा ठसा आहे, बुटाच्या तळव्याचा. डॉक्टर म्हणतात, मार लागलाय, जाईल. इतके महिने झाले, गेलेला नाही.

मी नीट बघितलाय तो. आपला पाय पेडलवर असतो तेव्हा बोटं पुढे असतात, इंजिनाकडे. त्या ठशाचं पुढचं टोक उलटं आहे, सूर्यकांतच्या टाचेकडे...

सूर्यकांतच्या पायावर पाय देऊन, त्याच्याकडे तोंड करून कुणीतरी उभं होतं.