ताण वाढू देऊ नकोस

हाताच्या पाठीवरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरा पाहू. हळूच! आता सोडून द्या. बसली ना परत जागच्या जागी? कुणी बसवली तिला? आत डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी असतात, त्यांनी. एकमेकींना धरून त्या सारख्या ओढत असतात, थोडं इकडे, थोडं तिकडे. आपली कातडी म्हणजे चहूबाजूंनी नीट ताणून बसवलेला तंबूच म्हणा ना.

आता एक इमारत डोळ्यांपुढे आणा. तळमजल्यावर भलंमोठं दालन, छताला क्रेन, आणि मधोमध पुलांचे तुकडे, खरेखुरे, लोखंडाचे. ते मोडेपर्यंत हलवत राहायचं, म्हणजे खरा पूल किती सोसेल ते आधीच कळतं. आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक चिडीचूप खोली. तिथे छोट्या पारदर्शक बशांमध्ये कातडीच्या पेशी वाढवतात, अंगाइतक्या उबेत, तान्ह्या बाळासारख्या जपून. खाली मोडायचं काम, वर जपायचं. असा शेजार कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे! पण तो नसता, तर ही गोष्टही नसती.

वरच्या खोलीत काम करणाऱ्या मुलीला सगळे चिमटी म्हणत. हातात सदा चिमटा, आणि बोलणंही तसंच. नेमकं धरणारं.

एका दुपारी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती आणि समोरच्या पेशी थरथरायला लागल्या. मग टेबल थरथरलं. मग नाकावरचा चष्मा. रागाच्या भरात ती उठली आणि जिना उतरून थेट दालनात घुसली. डोक्यावर निळी कागदी टोपी तशीच, पायांत खोलीतल्या सपाता.

“बंद करा ते!”

यंत्र धडधडत होतं. त्याच्यामागून एक उंच तरुण कानांवरची झाकणं काढत बाहेर आला.

“काय म्हणालात?”

“तुमचा पूल माझ्या पेशींना हलवतोय!”

“माझा पूल... तुमच्या... कुणाला?”

“पेशींना. कातडीच्या. वर.”

त्याने छताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग निमूटपणे एक पिवळं हेल्मेट तिच्यापुढे धरलं.

“माझ्या डोक्यावर टोपी आहे.”

“ती जंतूंसाठी. हे आमच्यासाठी. इथे वरून काहीही येऊन पडतं.”

“मी वरूनच आलेय!”

“तेच म्हणतोय,” तो म्हणाला. “काहीही... आणि न सांगता.”

तिने डोळे वटारले. पण हेल्मेट घातलं. ते नाकापर्यंत घसरलं, आणि त्याला हसू आवरता आवरता खोकला आला. यंत्र मात्र त्याने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तो थरथर मोजायचं उपकरण घेऊन वर आला. उपकरण राहिलं बाजूला. ‘बघू का जरा?’ म्हणून त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि तिथेच खिळला.

“अहो, या तर ओढताहेत! यांच्या बुडाशी असलेला मऊ पडदा पार सुरकुतलाय.”

“ओढणारच. पेशी आहेत त्या, मोती नव्हेत.”

“मी तारांचे पूल संगणकावर मांडतो. कुठली तार किती ओढते, कुणावर भार जास्त पडतो... ही जाळी मला मांडता येईल. एक पेशी म्हणजे एक तार.”

“एका बशीत किती पेशी असतात, माहितीये?”

“मोजू दे की संगणकाला. तोवर मी इथे बोलत बसेन.”

“कुणाशी?”

“पेशींशी,” तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडे.

मग तो रोजच वर यायला लागला. त्याने तिच्यासाठी एक तळहाताएवढी चौकट बनवली. तिच्यात मऊ पारदर्शक पडदा, पडद्यावर पेशी, आणि दोन्ही कडांना बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की पडदा ताणला जाई किंवा सैल होई, आणि पेशी किती जोराने ओढताहेत ते संगणकावर रेघ होऊन दिसे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

चिमटी या कामात पडली होती ती एका कोपरामुळे. तिच्या ताईच्या लेकीचा कोपर. लहान असताना त्यावर उकळतं पाणी सांडलं होतं. जखम भरताना काय होतं, की काही पेशी घाबरल्यासारख्या जिवाच्या आकांताने ओढत सुटतात, आणि कातडीच्या जागी दोर वळल्यासारखा जाड व्रण तयार होतो. भाचीचा तो हात पुरता सरळ होत नसे. या पेशींना मुळात घाबरूच कसं द्यायचं नाही, एवढं चिमटीला शोधायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला आयुष्यात. निदान खाली जाऊन भांडेपर्यंत तरी.

शाळा सुटली की भाची मावशीच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी येऊन बसे. भर उन्हाळ्यातही लांब बाह्या. आईचा हुकूम! ‘लोक विचारत बसतात गं,’ ताई म्हणे.

“हे कोण?” पहिल्याच दिवशी भाचीने विचारलं.

“हे पूल बांधतात.”

“मोडतो,” त्याने दुरुस्ती केली.

“म्हणजे पूलकाका,” भाचीने ठरवून टाकलं. मग जरा विचार करून म्हणाली, “मावशीच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतात, ना गं मावशी?”

चिमटीच्या हातातला चिमटा खाली पडला. पूलकाका तो शोधायला टेबलाखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

आणि मग चिमटीला सर्दी झाली.

सर्दी झाली की पेशींच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नियम. ती घरी पांघरुणात, आणि चौकटीतल्या पेशी ऐन भरात. तिने त्याला फोन केला.

“माझ्या पेशींकडे बघशील?”

“सांग, काय करू.”

“खायला वेळेवर घाल. दार सारखं उघडू नकोस. आणि... हाक् छी! ...ताण वाढू देऊ नकोस त्यांचा. कळलं?”

“कळलं. तू झोप. आणि...”

“आणि काय?”

“काही नाही. काढा बिढा घे.”

आता इथे जरा थांबा आणि मला सांगा, ताण म्हणजे काय? परीक्षेच्या आधी तुमच्या पोटात गोळा येतो, तो ताण. चिमटीच्या खोलीतही शब्दाचा अर्थ तोच होता. पेशींना थंडी वाजली, भूक लागली, हेळसांड झाली की त्यांच्यावर ताण येतो. पण पुलवाल्यांच्या दालनात? तिथे ताण म्हणजे ओढ. तार किती जोराने खेचली जाते, तो आकडा. शब्द एकच, मजले दोन.

त्याने अगदी प्रामाणिकपणे तिचं ऐकलं. पेशी ओढायला लागल्या की संगणकावरची रेघ वर चढे, आणि हा लगेच स्क्रू किंचित सैल करी. रेघ खाली. पुन्हा त्या ओढत, पुन्हा हा सैल करी. शेवटी त्याने संगणकालाच ते शिकवून टाकलं. ताण वाढला रे वाढला, की द्या ढील.

नाकाचं टोक लाल घेऊन चिमटी परत आली, तेव्हा तो मोठ्या अभिमानाने तिची वाट बघत उभा होता.

“तसूभरही वाढू दिला नाही!”

तिने स्क्रूंकडे पाहिलं.

“पडदा सैल केलास तू?”

“तूच म्हणालीस, ताण...”

“अरे, माझा ताण! पेशींना त्रास होऊ देऊ नकोस म्हणाले मी! तुझ्या तारांची ओढ कोण म्हणालं? पडदा हलवायचाच नव्हता. सगळा प्रयोग बिघडला!”

त्याचा चेहरा पार उतरला. निदान झालेलं नुकसान बघावं, म्हणून तिने खोलीतला दिवा मालवला आणि निळा झोत लावला. त्या प्रकाशात घाबरलेल्या, व्रण करणाऱ्या पेशी हिरव्या चमकत. तसा रंगच त्यांना दिलेला असे. आजवर प्रत्येक बशी चमकली होती.

ही चौकट चमकली नाही. पेशी जिवंत होत्या, छान पसरल्या होत्या. पण हिरवं... एक टिपूससुद्धा नाही.

अंधारात दोघं शेजारी शेजारी उभे. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“हे... वाईट आहे का?” त्याने कुजबुजत विचारलं.

“बावळट,” ती म्हणाली. “तू त्यांना घाबरूच दिलं नाहीस.”

वरच्या मजल्याचे प्रमुख, म्हणजे सर, मात्र हसलेसुद्धा नाहीत. सर वाईट नव्हते हं. पण आखून दिलेल्या रस्त्याबाहेर पाऊल पडलं, की त्यांना घाम फुटे.

“चुकीला प्रयोग म्हणत नाहीत. टाकून द्या ते. आणि त्या पुलवाल्याला या खोलीत काय काम?”

“सर, तीच चूक पुन्हा केली तर? मुद्दाम? मोजूनमापून?”

“माझ्या खोलीत नाही.”

“मग खाली करते.”

“खाली?” सरांनी चष्मा काढला. “त्या धुळीत? त्या हादऱ्यांत? हसतील लोक तुला.”

“हसू देत. हसण्याने पेशी मरत नाहीत.”

“आणि फसलीस तर वरची जागा सोडावी लागेल, लक्षात ठेव.”

घरी ताईनेही डोक्याला हात लावला. “अगं, मिळालेली चांगली जागा घालवशील एका चुकीपायी! गप्प बस की जरा.”

“गप्पच बसायचं तर लांब बाह्या आहेत की आपल्याकडे,” चिमटी म्हणाली. ताई भांडी आवरायला वळली. दारामागे भाची मात्र कान टवकारून ऐकत होती.

खालच्या दालनाच्या प्रमुख बाई होत्या. यंत्रांच्या आवाजाने एक कान गेलेल्या. चिमटी त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन ओरडून सगळं बोलली. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे आजवर जे आलं ते मोडायलाच आलं. एक गोष्ट न मोडायला आली, तर माझी ना नाही.”

पण हादऱ्यांचं काय? जमिनीवर ठेवलं की पेशी थरथरणार. पूलकाकाने छताकडे पाहिलं. तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा पाहिलं होतं, अगदी तसंच. आणि त्याने चौकटींची ती उबदार पेटी क्रेनच्या आकड्याला लांब दोरांनी टांगली. खाली पूल धडधडतोय आणि वर पेटी कशी शांत, अधांतरी!

झालं, दालनातल्या लोकांना विषयच मिळाला.

“काय रे, पाळणा आधी टांगलास? लग्न कधी?”

“उलट्या क्रमाने पूल बांधतात हे आजच कळलं!”

चिमटीचे कान लाल झाले, पण ती हटली नाही. हेल्मेट घालून शिडीवर चढायची, पेशींना खायला घालायची. शिडी धरायला तो.

“पडशील.”

“तू धरलंयस ना?”

“मी शिडी धरलीय.”

“मग मलाच धर की,” ती बोलून गेली. पुढची पायरी तिला सापडेना.

निम्म्या चौकटी नेहमीसारख्या घट्ट, निम्म्या जरा ओढ वाढली की सैल होणाऱ्या. निकाल बघायच्या दिवशी सर स्वतः खाली आले. कोपऱ्यात काळा पडदा लावून अंधार केला. ताई आली होती, भाची आली होती. चिमटीने निळा झोत लावला.

घट्ट चौकट. हिरवीगार. सैल चौकट. काळोख. घट्ट, हिरवी. सैल, काळोख. एकदाही चुकलं नाही.

सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग घसा साफ करत म्हणाले, “अजून पुष्कळदा करून बघावं लागेल.”

“बघणार.”

“हं. उद्यापासून वर ये. तुझी जागा आहेच.”

चिमटीने हेल्मेट नाकावरून मागे सारलं.

“एकटी नाही येणार, सर. यायचं तर दोघं. नाहीतर माझं इथे छान चाललंय.”

सर तिच्याकडे, मग त्या लोंबत्या पेटीकडे बघत राहिले. “त्याला सपाता घालून यायला सांग,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पूलकाका दोराची गाठ उगाच सोडत होता, उगाच बांधत होता.

“दोघं म्हणजे...” तो म्हणाला. “कामापुरते... की...”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं... म्हणजे त्या दिवशी फोनवर मी ‘आणि’ म्हणालो होतो ना, तेव्हा...”

“पूलकाका,” भाची मध्येच म्हणाली, “ताण घेऊ नका हो. सांगून टाका!”

हशा पिकला. त्याने गाठ सोडली. “आणि, लवकर ये, असं म्हणायचं होतं. तुझ्यावाचून वरचा मजला फार वर वाटतो.”

“आले ना मग खाली,” चिमटी म्हणाली. आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला, चिमटीत नव्हे, चांगला मुठीत.

जराशाने भाचीने त्याला बाजूला ओढलं. “आता माझा हात सरळ होणार?”

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. खोटं त्याला बोलता येत नसे.

“नाही गं. तुझा व्रण जुना आहे. पुढे कुणाला भाजलं तर कदाचित... त्यालाही वेळ लागेल.”

भाचीने मान हलवली. रडली नाही. “म्हणजे बरं व्हायची वाट बघायची नाही,” ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना तिने आईची कात्री घेतली, आणि सदऱ्याची एक बाही कोपराच्या वरपर्यंत कापून टाकली. व्रण होता त्याच हाताची. आई ओरडली, “अगं, आणि दुसरी?”

“ती कशाला?” भाची दप्तर पाठीला लावत म्हणाली. “तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.”

आणि ती तो हात सरळ होईल तेवढा सरळ करून, वर हलवत शाळेत गेली.