हिरव्या चादरीचा मालक

धाडकन दार उघडलं आणि एक ओली हिरवी चादर पाणीपुरवठा कार्यालयातल्या तिच्या टेबलावर येऊन पडली.

"हे काय आहे?" कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला कडाडला. बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत साबण आणि डोळे... छे, डोळ्यांकडे बघायची ही वेळ नव्हती! "पहाटेच्या पहिल्या पाण्यात भिजवली. पांढरीशुभ्र होती!"

पाणीपुरवठ्यातल्या बाईनं खरं तर माफी मागायची. ही टुणकन उठली. "हिरवं आलं? अय्या, खरंच आलं!"

बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं तो बघत राहिला.

तिनं जीभ चावली. "अपाय नाही हो त्या रंगाचा. पाणी कुठं जातं ते तपासायला डोंगरावरच्या फुटक्या कातळात मीच ओतला. नुसत्या डोळ्यांना दिसायला नको होता, यंत्रालाच कळायला हवा होता, पण हात जरा सैल सुटला. तिथं मुरतं तेच पाणी आपल्या नळाला येतं, हे घसा कोरडा करून सांगतेय मी. आणि त्या कातळाचा मालक निघालाय रिसॉर्टवाल्याला जागा विकायला! उद्या त्यांचं सांडपाणी आपल्या पेल्यात. भेटू दे एकदा, असं झापते ना त्याला—"

"झापा," तो म्हणाला. "मीच तो."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तो मात्र चादरीकडेच बघत होता. "बाबांनी ठेवलेली जागा. मला वाटायचं, नुसते दगड. विकून स्वतःचं दुकान घेणार होतो... भाड्याच्या गाळ्यात आईचा जीव गुदमरतो." मग हळूच, "दाखवाल मला?"

दुपारी दोघं वर गेली. धुकं होतं. त्यानं कातळाला कान लावला. आत, खोल, पाणी बोलत होतं. तिनंही कान लावला... आणि दोघांची नाकं एकमेकांपासून वीतभर अंतरावर आली. हललं कुणीच नाही.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात. या वेळी दार हळू उघडलं. अंगात त्याच रंगानं हिरवट झालेला शर्ट.

"सौदा मोडला. तिथं कधीच बांधकाम होणार नाही, असं लिहून देतो."

तिचे डोळे भरून आले. "आणि दुकान? आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, डोकं फिरलंय तुझं. मी म्हटलं, हो. फिरवणारी पाणीपुरवठ्यात बसते."

ती लाजली, आणि लाज लपवायला शर्टावर घसरली. "अहो, दोन धुण्यांत निघतो हा रंग!"

"लाँड्रीवाल्याला सांगताय?"

"मग धुतला का नाही?"

"नाही निघू द्यायचा," तो म्हणाला. "तुम्ही... तू म्हणशील तरच धुणार."

तिनं टेबलाचा खण उघडला. आत ती चादर होती, नीट घडी घातलेली, तशीच हिरवी.