गरवारशींची खाडी

पिंजरा पाण्याबाहेर आला आणि दिगंबर खोबरेकरने हात लावायच्या आधीच त्याची एक बाजू आपणहून उघडली. आतल्या चार कुर्ल्यांपैकी, म्हणजे खेकड्यांपैकी, एकीच्या पोटामागून नारिंगी गोळा डोकावत होता. पिंजऱ्यातल्याच प्लॅस्टिकच्या पट्टीने तिला हलकेच बाहेर ढकललं. ती डुबुक्कन खाडीत पडली आणि बाकीच्या तिघी आतच राहिल्या.

"जा गो बाये, सुखान सुटका होवंदे तुझी," दिगंबरने हात जोडले.

होडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली त्याची धाकटी बहीण यमुना एरवी हे ऐकून हसली असती. आज नाही हसली. ती पट्टी आणि तिच्यावरचा बटणाएवढा कॅमेऱ्याचा डोळा ही तिचीच करणी होती. यमुना खाडी-परवाना मंडळाची अधिकारी होती आणि खाडीकाठच्या याच तिवरेवाडीत वाढली होती.

पाच वर्षांपूर्वी या खाडीत कोणीही उठावं आणि हवे तितके पिंजरे टाकावेत, असा कारभार होता. अंड्यांवरची कुर्ली म्हणजे गरवारशी, ती सोडायची, हा गावाचा जुना रिवाज. पण बाहेरून येणारे असल्या रिवाजाला कुठे भीक घालतात! यमुनेने त्या रिवाजाचाच नियम केला. प्रत्येक पिंजऱ्याला डोळा. डोळ्याला अंडी दिसली की दार उघडतं आणि तशी खबर मंडळाकडे जाते. खाडीत अंड्यांवरच्या माद्या किती फिरतायत, ते मोजून दर होडीला किती पिंजरे द्यायचे हे यंत्रच ठरवतं. परवान्याबाहेरचा पिंजरा कुलूप लागून बसतो, आपटलात तरी उघडत नाही. पहिल्या वर्षी लोकांनी यमुनेला शिव्यांची लाखोली वाहिली. मग माद्यांचा आकडा वाढत गेला, पिंजरे वाढत गेले, आणि गावाने त्या डोळ्याला नाव दिलं राखण्या. सरकारी यंत्राला लाडाचं नाव पडलेलं तुम्ही कुठे ऐकलंय? इथे पडलं.

आज तर राखण्याने कहरच केला होता. वीस पिंजऱ्यांची मर्यादा एकदम चाळीसवर नेली होती. संध्याकाळी धक्क्यावर सभा होती आणि नव्या परवान्यांवर यमुनेची सही तेवढी बाकी होती. आणि ही सकाळपासून चिखलाकडे बघत बसली होती.

"थोबाड कित्याक पाडलंस गो मॅडम?" दिगंबर म्हणाला. "चाळीस पिंजरे! माझो झील प्रसाद गोव्याचा हॉटेल सोडून परत येता. आजच फोन केल्यान. दुसऱ्याच्या खरकट्या प्लेटी उचलूच्यो नाय आता, म्हणता."

"दादा, पिल्लां खंय आसत?"

"कसली पिल्लां?"

"कुर्ल्यांची. सुकतीक, पाणी ओसारला की, चिखलात नखाएवढी पिल्लां वळवळायची. पाय ठेवूक जागा नसायची. सकाळपासून मी चिखल बघतंय. एक दिसाक नाय. इतक्यो आवयो, आणि पिल्लू एक नाय?"

"जाईत खंयतरी," दिगंबर म्हणाला, पण त्यानेही मान वळवून तिवरांच्या मुळांकडे पाहिलं. चिखल नुसताच चकाकत होता.

पुढचा पिंजरा वर आला. पुन्हा नारिंगी गोळा, पुन्हा पट्टी हलली. या वेळी यमुनेचं लक्ष नांग्यांकडे गेलं. जाडजूड, दणकट नांग्या. अशा नांग्या नराच्या असतात. तिने झडप घातली आणि कुर्ली पाण्यात पडायच्या आत पाठीवर पकडली.

"अगो, गरवारशीक हात लावतंस?" दिगंबर ओरडला. "शिरा पडली तुझ्या अधिकारपणार! सोड तिका!"

तिवरेवाडीत अंड्यांवरची कुर्ली उलटी करत नाहीत. वरूनच पाहायचं, हात जोडायचे, सोडून द्यायची. उलटी केली तर घरातल्या लेकीसुनेची कूस उलटते म्हणतात. यमुना एवढी शिकली, पण या खाडीतली गरवार कुर्ली तिनेही कधी उलटी केली नव्हती. राखण्याला अंडी ओळखायला शिकवण्यासाठी तिने हजारो फोटो काढले होते, तेही सगळे वरून. तेव्हा आपण काही टाळतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिने कुर्ली उलटी केली. दिगंबरने तोंड फिरवलं.

पोटाखालची झडप मादीसारखी रुंद होती. झडपेखाली खसखशीसारखे दाणे दाणे असायला हवे होते. तिथे एकच गुळगुळीत पिशवी होती. यमुनेने नख लावून पाहिलं. एक दाणा सुटला नाही.

"दादा, ही अंडी न्हय."

"मगे काय?"

"परजीवी. दुसऱ्याच्या अंगावर जगणारो जीव. कॉलेजात शिकलेलंय, पण आपल्या खाडीत असात असा वाटला नाय." तिने कुर्ली उजेडाकडे धरली. "पिशवीजीव म्हण तेका. कुर्लीच्या अंगात मुळां पसरता. मगे तिका अंडी होणत नाय, कधीच नाय. नराक धरल्यान तर नराची मादी करता, झडपसुद्धा रुंद होता. आणि आपली पिशवी थंयच बाहेर काढता, जंय अंडी असतत."

दिगंबरने हळूच मान वळवली. कुर्ली मागच्या पायांनी ती पिशवी पुसत होती. एकेक कडा साफ करत होती, पाणी घालत होती. कोणी जवळ बोट नेलं की झडप घट्ट मिटून घेत होती.

"ही तर जपता तेका," तो म्हणाला.

"तिका वाटता आपलीच पोरां."

मग त्यांनी उरलेले पिंजरे ओढले. राखण्या ज्या ज्या कुर्लीला सोडायला निघाला, ती ती यमुनेने उलटी केली. पिशवी. पुन्हा पिशवी. शेवटी दिगंबरने दोर सोडून दिला. यंत्र आजाऱ्यांना खाडीत सोडत होतं आणि धडधाकट कुर्ल्या बाजारात पाठवत होतं. वर त्या आजाऱ्यांनाच आया समजून मोजत होतं, आणि आया वाढल्या म्हणून पिंजरेही वाढवत होतं.

"ह्या मी केलंय, दादा," यमुना म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "मी वाटोळा केलंय खाडीचा."

दिगंबरने तिची समजूत काढली नाही. "आज सही केलंस तर?" त्याने विचारलं.

"चाळीस पिंजऱ्यांत उरल्यासुरल्या चांगल्यो कुर्ल्योय जातीत."

"आणि नाय केलंस तर प्रसाद येऊन करतलो काय?" असं तो म्हणाला, पण उत्तराची वाट न बघता होडी धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर सगळी वाडी जमली होती. देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं, नारळ फुटला होता, पोरं खोबऱ्यासाठी भांडत होती. यमुना टेबलाशी गेली, परवान्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि बादलीतून आणलेली ती जाड नांग्यांची कुर्ली टेबलावर उलटी ठेवली.

"आजपासून सगळे परवाने बंद," ती म्हणाली. "कारण हयसर आसा. बघा."

कोणीच बघितलं नाही. सगळ्या बायकांनी पदर तोंडावर घेतले, पुरुषांनी समुद्राकडे माना वळवल्या. वाडीतली सगळ्यात म्हातारी इंदिराकाकी काठी आपटत ओरडली, "झाक ती, झाक! लाज नाय तुका? पोटुशीक असा मांडतत?"

"सही कर नि मोकळी हो गो," मागून कोणीतरी म्हणालं. "उगाच नाटकां नकोत."

यमुना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. पुरावा हातभर अंतरावर पडला होता आणि गाव त्याच्याकडे पाठ करून उभं होतं. ओरडावं, यांच्या माना धरून फिरवाव्यात, असं तिला झालं.

तेवढ्यात दिगंबर पुढे आला. जन्मात पहिल्यांदा त्याने त्या झडपेखाली बोट घातलं, ती उघडून धरली आणि म्हणाला, "काकी, ही पोटुशी न्हय. हो नर आसा. माझो झील परत येतलो म्हणान मी सकाळी नाचत होतंय. माका खोटा बोलान काय मिळतला? ये, हात लावन बघ."

काकी जागची हलेना. मग काठी टेकत टेकत आली, चष्मा नाकावर चढवला आणि वाकली. तिने त्या गुळगुळीत पिशवीवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. दाणा लागेना. तिच्यामागून एकेक जण सरकत टेबलाशी आला.

काकीने वर पाहिलं तेव्हा तिचे ओठ हलत होते.

"यमू," ती म्हणाली, "पाच वर्सां आमी हात जोडून जोडून सोडलव, त्येतली एक तरी आवय होती काय गो?"