पंचवीस अंशांचे पाणी

दक्षिण बोहेमियातल्या तळ्यांच्या मुलखात पाणपुरुषाची कथा अनेक रूपांत सांगितली जाते. बुडून मेलेल्याचा जीव तो मातीच्या मगात ठेवतो आणि वर झाकण घालतो, एवढा गाभा सगळीकडे सारखा. कुठे त्याच्या घरी कामाला राहिलेली मोलकरीण झाडलोट करताना झाकण उचलते, कुठे एखादा कोळी मग चोरून आणतो. बुडबुडा निघतो, वर येऊन फुटतो, आणि जीव सुटतो. पाणपुरुष माणसांत मिसळला तर ओळखायची खूणही ठरलेली आहे: बाहेर ऊन असो की कोरडी थंडी, त्याच्या कोटाच्या डाव्या टोकातून पाणी ठिबकत असते. या बहुतेक रूपांत मग उघडणारा परका असतो, बुडालेल्याशी त्याचे नाते नसते. नाते असले तर काय होते, हे ज्या एका रूपात येते ते तळ्याकाठी घडत नाही. ते चौथ्या मजल्यावरच्या घरात घडते. ते सांगणारे मोजके आहेत, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

हेद्विकाचा नवरा ओताकार मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात नावाजलेला होता. बैठकीच्या खोलीत भिंतभर पसरलेल्या काचेच्या टाकीत त्याने परस्परविरोधी स्वभावाच्या जाती एकाच पाण्यात नांदवल्या होत्या. तळाशी मिशाळ मासे, मध्ये इवल्या निऑन माशांचा थवा, उभ्या पानांच्या आडोशाला एंजल, आणि अगदी वर एकटा नर गुरामी. वाढलेला एंजल निऑन गिळतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ओताकारच्या टाकीत ते कधी घडले नाही. नवा दगड, नवे लाकूड, जे काही पाण्यात जायचे ते आधी उकळून घ्यायचे, हा त्याचा नेम होता.

“आमच्या इमारतीत असे भाडेकरू आणून दे की रे,” त्याचा मित्र लुबोर चिडवायचा.

“प्रत्येकाला आपापला मजला द्यायचा आणि पोटभर खायला घालायचं,” ओताकार म्हणायचा. “तुमच्या इमारतीत दोन्हीची बोंब.”

माशांना खायला घालण्याचे काम त्यांच्या मुलाचे, शिमोनचे होते. फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. बर्फ वितळल्यावर तो सापडला आणि त्याला पुरले.

शरदात नेहमीप्रमाणे मासे धरायला तळे उपसले. नाताळच्या जेवणासाठीच्या कार्प माशांनी जाळी भरली, काठावर तळण्याचा वास सुटला, आणि ओताकार गुडघाभर चिखलात एकटाच आत आत चालत गेला. परतला तेव्हा कोटाच्या आत, डाव्या बाजूला, त्याने काहीतरी धरले होते. घरी आल्यावर हेद्विकाने पाहिले: झाकण लावलेला मातीचा मग. त्याने तो थेट टाकीच्या तळाशी ठेवला.

“उकळलास?”

“नाही.”

“शिमोननं आणलेला शंख तू दोनदा उकळला होतास, ओता.”

“हा नाही उकळायचा, हेडा.”

तेव्हा तिला कळले. ती याच मुलखातली होती, ही कथा तिने लहानपणीच ऐकली होती. तो झाकण केव्हा काढतो याची ती वाट पाहत राहिली. त्याने दारातल्या खुंटीखाली एक बशी ठेवली. कोटावरच्या बर्फासाठी असेल, असे तिला वाटले. झाकण मात्र त्याने काढले नाही.

“उघड ना. जाऊ दे त्याला.”

“कुठं?”

तिने टाकीच्या काचेवर तळवा टेकवला.

“तिथं बर्फ होता,” तो हळूच म्हणाला. “इथं पंचवीस अंश आहे...”

टाकीतले मजले मोडले. तळातले, मधले, वरचे, सगळे मासे मगाभोवती जमू लागले. तोंडे आत, शेपट्या बाहेर. निऑनला खेटून एंजल उभे असत. पाण्यावर टाकलेले अन्न तसेच कुजे, आणि खोलीला तळ्याच्या गाळाचा वास येई. गुरामीने मगाच्या बरोबर वर फेसाचे घरटे बांधले. असे घरटे नर पिलांसाठी बांधतो. या टाकीत मादी नव्हती.

लुबोर एकदा आला. बिअर अर्धी टाकून उठला.

“हे मासे... झोपलेत का रे?”

“ऐकतायत,” ओताकार म्हणाला.

लुबोर पुन्हा आला नाही.

एका रविवारी सकाळी ओताकार मंडळाच्या मासेबाजाराला गेला. बाहेर स्वच्छ ऊन होते, कोरडी थंडी होती. हेद्विकाने टाकीवरची काच सरकवली, लांब लोकरी स्वेटरची उजवी बाही दंडापर्यंत वर केली आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट होते. मगाजवळ ते इतके गार झाले की तिची बोटे हाडापर्यंत दुखली. मासे बाजूला झाले. तिने झाकण उचलले.

अक्रोडाएवढा बुडबुडा निघाला आणि सावकाश वर जाऊ लागला.

“जा, बाळा,” ती म्हणाली.

पाण्याच्या पृष्ठभागाशी तो पोचला, तोच गुरामीने त्याला तोंडात धरले. घरट्यातून निसटलेले अंडे नर असेच तोंडात धरून परत ठेवतो. पण तो घरट्याकडे वळला नाही. तो थेट खाली आला आणि बुडबुडा मगात सोडून दिला.

तिने गुरामीला हाताने दूर सारले. बुडबुडा पुन्हा निघाला, गुरामीने पुन्हा गाठला. या वेळी बुडबुडा बोराएवढा होता. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा वाटाण्याएवढाच राहिला होता, आणि गुरामी तिच्या बोटांमधून वाट काढत येत होता.

आता आणखी एकदा, आणि काहीच उरणार नाही.

मगात परत गेलेल्या त्या इवल्याशा बुडबुड्यावर हेद्विकाने स्वतःच्या हाताने झाकण ठेवले, आणि घट्ट दाबले.

तिने हात बाहेर काढला, पुसून कोरडा केला, बाही खाली केली. दारात किल्ली फिरली. ओताकार आत आला आणि त्याने कोट खुंटीला अडकवला. कोटाच्या डाव्या टोकातून बशीत पाणी ठिबकू लागले. त्याने टाकीकडे पाहिले नाही. त्याने हेद्विकाच्या पायांकडे पाहिले, तिच्या स्वेटरच्या डाव्या टोकाखाली ओल्या होत चाललेल्या फरशीकडे.

तो स्वयंपाकघरात गेला, दुसरी बशी घेऊन आला आणि ती शेजारच्या खुंटीखाली ठेवली.